तीन छोटे, एक लांब

"मॅडम, आमच्या घरात कोण किती वेळ आंघोळ करतं, हे मीटरला कळतं का?"

स्फूर्ती येमुलने हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं की सहलीला आलेल्या नववी 'ब'च्या मुली आधी गप्प झाल्या आणि मग एकदम फुटल्याच. मागच्या रांगेत आफरीन वहीत तोंड खुपसून हसत होती. पैज तिनेच लावली होती. विचारलंस तर दोन मलईगोळे, नाहीतर वर्षभर 'भित्री भागूबाई'. गेल्या वर्षीची स्फूर्ती हजेरीलासुद्धा पुटपुटायची. पण वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आल्यापासून तिला स्वतःचा आवाज फारच आवडायला लागला होता.

सोलापूरच्या ऊर्जा-ओळख प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शाहिदा बागवान मात्र हसल्या नाहीत.

"कळतं," त्या म्हणाल्या. "गिझर किती वेळ चालला, पंप कधी लागला, सगळं कळतं. माणसाचं नाव कळत नाही, पण माणूस कळतो."

आता हशा पूर्ण थांबला. स्फूर्ती मात्र बसली नाही. खरा प्रश्न तर तिच्या खिशात होता.

"मग त्याला आमचं घर का कळलं नाही?"

तिने घडी घातलेला कागद काढून वाचला. "'नव्या घरी राहायला आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! तुमचा जुना वीजकरार तुमच्या पाठोपाठ इथे आणला आहे.' मॅडम, आम्ही अकरा वर्षं त्याच घरात राहतोय! कुणाचा तरी भलताच करार आमच्या माथी मारलाय. छोटा, सवलतीचा. एसी लावला की फ्रिज बंद. बारा दिवस झाले. माझे पप्पा घरात ओला टॉवेल पांघरून बसतात."

मार्च अजून संपला नव्हता आणि पारा बेचाळीसवर होता. टॉवेलवर कुणीच हसलं नाही.

"अशक्य," कोपऱ्यातून अभियंता हिरेमठ म्हणाले. "चार वर्षांत एकही चुकीची बदली नाही."

"हिरेमठ, 'अशक्य' म्हणण्याआधी तपासायचं असतं," डॉ. बागवान म्हणाल्या. "आणि मुलींना आधी ठसा म्हणजे काय ते सांगा."

हिरेमठांनी चष्मा पुसला. "पूर्वी मीटरला क्रमांक असायचा. लोक क्रमांकात फेरफार करून वीज चोरायचे. म्हणून आता ओळख क्रमांकाची नाही, सवयीची. प्रत्येक बटण दाबलं की विजेच्या प्रवाहात एक लहानशी लाट उठते. कोणती लाट कधी, कशामागून, किती घाईने, याचा मिळून बनतो सवय-ठसा. बोटांचे ठसे जसे दोघांचे सारखे नसतात, तसंच."

"आणि कुटुंबाने घर बदललं तर?" डॉ. बागवानांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, पण मुलींसाठी.

"ठसा जुन्या घरातून हळूहळू पुसला जातो आणि नव्या घरात उमटतो. यंत्र ते ओळखतं आणि करार पाठोपाठ नेतं. अर्ज नाही, रांग नाही. जुनं घर 'रिकामं' म्हणून बंद होतं."

"म्हणजे आमच्या घरात दुसरंच कुटुंब राहायला आलंय?" स्फूर्तीने विचारलं. "अदृश्य?"

आफरीन मागून कुजबुजली, "भूतं असतील गं. आणि त्यांना सवलत!"

हिरेमठांनी पडद्यावर येमुलांच्या घराचा ठसा आणला. स्वतःच्या घराचा ठसा बघायला परवानगी होती, करार मुळात कुणाचा ते सांगायला नव्हती. पहाटे साडेपाचला पहिली लाट, पंपाची. पंप बंद झाल्यावरच दिवा, कधीच आधी नाही. सहाच्या सुमाराला तीन छोटे उंचवटे आणि एक लांब. रोज. न चुकता.

"बघा," हिरेमठ म्हणाले. "करारवाल्यांच्या जुन्या ठशाशी नव्याण्णव टक्के जुळतोय. यंत्र बरोबर आहे."

"आणि आमचा? येमुलांचा ठसा?"

हिरेमठ खाली-वर शोधत राहिले. मग जरा ओशाळून म्हणाले, "तो... सापडत नाही. दिवाळीनंतर पुसट होत गेलाय."

डॉ. बागवानांनी पडद्यावरचा तो आलेख छापून स्फूर्तीच्या हातात दिला. "यंत्र चुकलं नसेल तर आपला प्रश्न चुकलाय," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन बघ."

घरी बघायला संशयाची काही कमी नव्हती. पहिल्या आठवड्यात पप्पांचा संशय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर होता. मग वीज कंपनीवर. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात दर्जा तपासायचे आणि घरीही प्रत्येक गोष्टीत सुटलेला धागा शोधायचे. आणि परवा त्यांना तो सापडला होता. फ्रिजमागच्या सॉकेटला लावलेली एक छोटी वीजडबी.

ती इरम्मामावशींची होती. इरम्मा कट्टीमनी कुंभारी गावाहून यायच्या. आईची बँकेत बढती झाली तेव्हापासून, म्हणजे दिवाळीपासून, पहाटे साडेपाच ते रात्री आठ घर त्याच सांभाळायच्या. किल्लीही त्यांच्याकडेच होती. गेले बारा दिवस जाताना त्या डबी पदराखाली झाकून न्यायच्या.

"बारा दिवस," पप्पा आईला म्हणाले होते. "आपला करार गेला त्याच दिवसापासून. हा योगायोग आहे का? घरातली वीज डबीत भरून नेते ती. रविवारी हिशेब करून मोकळी करू तिला."

"विचारू तरी आधी," आई म्हणाली होती, पण फार जोर न लावता. आणि स्फूर्तीला, खरं सांगायचं तर, पप्पांचंच पटलं होतं. मावशी हल्ली नजर चुकवायच्या. परवा तर मीटरसमोर उभ्या राहून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

शनिवारी पहाटे स्फूर्ती आलेख घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. हेरगिरीसाठी तिने चपलासुद्धा काढल्या होत्या.

कुलूप उघडलं. मावशींनी अंधारातच पंप लावला. टाकी भरली, पंप बंद. मग दिवा.  तिने आलेखावर बोट ठेवलं.

सहाला मावशींनी मिक्सरमध्ये चटणीसाठी शेंगदाणे घातले. घुर्र, घुर्र, घुर्र. थांबल्या, झाकण उघडून बोटाने चटणी खाली केली. मग घुर्रर्रर्रर्र.

तीन छोटे, एक लांब.

स्फूर्तीच्या हातातला कागद खाली पडला. मावशी दचकून वळल्या आणि पहिल्यांदा त्यांनी काय केलं, तर डबी पदराखाली घेतली.

"मावशी, तुमच्या घरी वीज आहे का?"

मावशींनी डबी आणखी घट्ट धरली. मग म्हणाल्या, "तुमीच सांगा की. तुमीच नेली न्हवं?"

"आम्ही?"

"मी हापिसात गेलते. ती पोरगी यंत्रात बघून म्हनली, तुमचा करार तुमच्यासंगं तिकडं गेलाय, कुंभारीचं घर रिकामं झालंय. पत्ता कुठला, तर ह्यो! हितला!" त्यांचा आवाज चिरकला. "रिकामं कसं? माजी आई हाय की तिथं. शहात्तर वर्साची. बटन दाबायला उठता येत न्हाई तिला, म्हनून यंत्राला दिसत न्हाई. दिसभर पत्र्याखाली बसती. ह्या डबीवर रातचा पंखा तेवडा चालतो, त्यो बी दोन वाजस्तोर."

"मग विचारलं का नाही आम्हाला?"

"कसं इचारू? वाटलं, साहेबांनी माजी सवलत आपल्या नावावर करून घेतली. म्हनलं, बोलले तर कामबी जाईल."

बारा दिवस दोन घरं एकमेकांना चोर समजत होती. आणि चोर कुणीच नव्हतं. स्फूर्तीला रडू येत होतं आणि भयंकर रागही येत होता, पण राग कुणावर काढायचा तेच कळेना.

तिने तिथूनच, आलेखाच्या कोपऱ्यात छापलेल्या नंबरवर, डॉ. बागवानांना फोन लावला. शनिवारी सकाळी सव्वासहाला! पण त्यांनी उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे यंत्राने बरोबरच ओळखलं," त्या हळू म्हणाल्या. "जिथे माणूस जगतो ते त्याचं घर, एवढंच आम्ही त्याला शिकवलं होतं. कामाला येणं आणि राहायला येणं यातला फरक शिकवायचा राहिला. ती चूक आमची."

"आता अर्ज करू का?"

"अर्जही यंत्रच तपासतं, आणि तपासताना ठसाच बघतं. ते सुधारायला आम्हाला काही महिने लागतील. तोवर एकच मार्ग आहे. रिकाम्या घराला सात दिवसांची चाचणी-जोडणी मिळते. हिरेमठ आज दुपारच्या आत ती देतील, मी बघते. पण त्या सात दिवसांत इरम्माबाईंचा ठसा त्यांच्याच घरात उमटायला हवा. आणि तुमचा तुमच्या घरात."

"सात दिवसांनंतर त्या परत कामाला आल्या तर?"

"तूच सांग."

स्फूर्तीने उत्तर शोधलं. ते सापडायला तिला फार वेळ लागला नाही, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. एरवी ती साडेसातच्या आत कधी उठत नसे.

साडेसातला आई-पप्पा चहाला आले. टेबलावर डबी होती, आलेख होता, आणि खुर्चीत मावशी होत्या. त्या घरात त्यांना कधी कुणी खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. पप्पांनी डबीकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"बरं झालं, आत्ताच विषय निघाला," ते म्हणाले. "मी रविवारी बोलणारच होतो."

"पप्पा, आधी मी," स्फूर्ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. पंप, दिवा, चटणी, पत्र्याखालची म्हातारी आई. वक्तृत्वातला एकही हातवारा न करता. आईने मध्येच मावशींचा हात धरला. पप्पा आलेख उलटासुलटा करून बघत राहिले.

"पण आपला ठसा गेला कुठे?" त्यांनी विचारलं. "आपण राहतो की इथे!"

"राहतो. पण करत काहीच नाही. तुम्ही शेवटचं बटण कधी दाबलंत, पप्पा? रिमोट सोडून?"

पप्पांनी आलेख हळूच टेबलावर ठेवला.

"तर मी ठरवलंय," स्फूर्ती उभी राहून म्हणाली. "मावशी आज आत्ता घरी जातील आणि सात दिवस येणार नाहीत. पगार कापायचा नाही. आणि त्यानंतर त्या आठला येतील आणि पाचला जातील. कायम. पहाटे आणि रात्री त्यांचा ठसा त्यांच्याच घरी उमटेल. इथे पहाटेचा पंप माझा, चहा पप्पांचा, रात्रीचा स्वयंपाक आपण तिघं मिळून. आई, मिक्सर कसा लावतात ते मला आत्ता दाखव. आणि मी तो तीनदा थांबवून लावणार नाही, माझ्या पद्धतीनेच लावणार. मीटरला कळलं पाहिजे, इथे आपण राहतो."