बिनकळ्यांची वाट

"दिसत नाही का रे?" मी ओरडले. हातातली झारी माझ्याच अंगावर कलंडली होती, आणि धडकणारा गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होता.

"नाही," तो म्हणाला.

इतकं सरळ उत्तर कुणी देतं? मला हसूच फुटलं!

ते माझ्या आत्याचं शेवंतीचं काचघर. लांबलचक, सलग अंधार मिळाल्याशिवाय शेवंती कळीच धरत नाही. म्हणून शाळा सुटून मी पोचते तोवर आत्या त्यावर काळं कापड ओढून दिवसाढवळ्या रात्र करून टाकते. आत फक्त एक मिणमिणता हिरवा दिवा.

"आपल्या डोळ्यांना हिरवा सगळ्यात चटकन दिसतो," आत्या सांगते, "आणि झाडं त्याला फारशी भीक घालत नाहीत. आपण बघायचं, त्यांना झोपू द्यायचं. पांढरा उजेड आत नेलात तर तंगडं मोडीन!"

धडकणारा म्हणजे दिवे बसवणाऱ्या काकांचा मुलगा. माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर, तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा. आता तो रोज पाणी घालायला येणार होता. दुसऱ्याच दिवशी त्याने कुंडी फोडली.

"वा! काय उजेड पाडलास!" मी म्हटलं. तेव्हापासून त्याचं नाव उजेड.

"उजेड, माझ्याकडे बघत चालतोस म्हणून धडपडतोस ना?"

"स्वतःला समजतेस कोण गं?"

"अजून ठरलं नाही... पण बरंच काही!"

तो हसला. त्या दिव्यात त्याचे दात चक्क हिरवे दिसले— आणि तरी मला आवडले. आता बोला!

मागची रांग तो कधी मला देत नसे. "तू झारी भरून आण, इथलं मी बघतो," म्हणायचा. मला वाटायचं, किती काळजी घेतो माझी...

मग कळ्या आल्या. एका सकाळी आत्याने कापड सारलं. सगळीकडे टपोऱ्या कळ्या. फक्त मागच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकही नाही. नुसती पानं, वळणावळणाने, अगदी मी झारी भरायला जायचे त्या नळाच्या दारापर्यंत. जणू कुणीतरी रोज हातात उजेड घेऊन तिथून चाललं होतं.

"बॅटरी कुणी लावली?" आत्याने विचारलं.

"मी," तो म्हणाला. "वाटलं, एवढ्याशा उजेडाने काय होतंय..."

"उद्यापासून येऊ नकोस."

मी धावत त्याला फाटकापाशी गाठलं. "अरे, दिसत नव्हतं तर सांगायचं ना!"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू हसलीस."

खरंच हसले होते मी!

"आधी अंधारातलं दिसणं जातं," तो फाटकाची कडी चाचपत म्हणाला. "मग कडेकडेचं. मग... डॉक्टर म्हणाले, औषध नाही. आईला माहीत आहे. बाबा मात्र अजून मला शिडीवर चढवायची स्वप्नं बघतायत."

"मग या काळोखात कशाला तडमडायला येत होतास, वेड्या?"

त्याने कडी सोडून माझ्याकडे मान वळवली.

"तू असायचीस ना... तू नळावर गेलीस की बॅटरी लावायचो, पाऊल वाजलं की विझवायचो. दारातल्या उजेडात आत येताना तू दिसायचीस. डोळे आहेत तोवर त्यांत साठवायची होतीस." मग एकदम तुटक, "आता जा तू. पुढे मी नुसतं ओझं होणार."

"ए! ते मी ठरवणार!" म्हणाले खरी... पण आवाज फुटला, आणि रडले मी. चांगली हमसून हमसून.

आत्याला सगळं सांगितलं. ती बिनकळ्यांच्या रोपांकडे बघत राहिली. मग कापड ओढता ओढता म्हणाली, "बोलव त्याला. हात धरून ने. बॅटरी मात्र नको गं."

तो आला. हिरव्या दिव्याखाली मी त्याच्या अगदी समोर, मधोमध उभी राहिले.

"उजेड... मी दिसते का रे?"

त्याने डोळे ताणले. खूप ताणले.

"नाही," तो म्हणाला.

या वेळी मी हसले नाही. त्याची बोटं माझ्या बोटांत घट्ट अडकवली आणि मागच्या वाटेला लागले— जिथे एकही कळी नव्हती, तिथून.