गाडीखालचा माणूस

मोबाइल बाजूला ठेवा. आणि मध्येच हसायचं असेल तर आत्ताच आत जाऊन झोपा. ही माझ्या साडूची गोष्ट आहे. चष्म्याचं दुकान चालवतो तो. देवभोळा नाही, भित्रा तर मुळीच नाही. पण मला हे सांगताना त्याने माझं मनगट धरलं होतं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

गेल्या फेब्रुवारीतली शनिवारची रात्र. साडेबारा वाजून गेलेले. त्याच्या लेकीला कळा सुरू झाल्या. हॉस्पिटल घाटाच्या वर. गाडी संध्याकाळीच सर्व्हिसिंग होऊन आलेली, त्यामुळे हा निर्धास्त. पुढे तो, मागे लेक आणि माझी मेहुणी.

पायथ्यापर्यंत सगळं ठीक. चढ लागला आणि गाडी ओढेना. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, चाकांना जोरच नाही. करपलेला वास यायला लागला. एका वळणावर गाडी थांबली ती थांबलीच.

"अहो, काहीतरी करा!" मेहुणी म्हणाली.

फोनला रेंज नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो बॅटरी घेऊन उतरला आणि त्याला दिसलं... मागच्या चाकाजवळ, गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. अनवाणी.

"कोण आहे?"

"गिअर टाकू नका," खालून पुरुषाचा आवाज आला. शांत. "थांबा जरा."

त्याला वाटलं, देवच पावला, इथला कुणी मेकॅनिक असेल. हा कधी आला, कुठून आला... अडल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत, पोरांनो. खाली लोखंडावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. मग तोही थांबला.

"बसा. आता टाका."

तो बसला. गिअर टाकला. गाडी पुढे झेप घ्यायला लागली. त्याने ब्रेक दाबून धरला.

"दादा, बाहेर आलात ना?"

त्याने काच पूर्ण खाली केली.

"दादा...?"

खिडकीतून वाकून पाहिलं. पाय तिथेच होते. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते हळूच आत ओढले गेले. गाडीखाली.

बाहेर कुणी आलं नाही.

मागे लेक किंचाळली. "निघा हो!" मेहुणी रडत होती.

काय करणार बाप? ब्रेकवरचा पाय काढला.

चाकाखाली काही आलं नाही. कुणी ओरडलं नाही. गाडी मात्र चढली... सपाट रस्ता असावा तशी.

पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. उजाडल्यावर निरोप मिळताच गॅरेजवाला धावत हॉस्पिटलवर आला. गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"साहेब, माझ्याकडून घोळ झाला. इंजिनचं ऑइल काढायचं, ते गिअरबॉक्सचं काढलं. आत जेमतेम चमचाभर लाल तेल उरलंय. पण... ही घाट चढलीच कशी?"

साडूने रात्रीची हकीकत सांगितली. गॅरेजवाला हॉस्पिटलच्या दारातल्या फरशीकडे बघत होता.

गाडीखालून पावलं निघाली होती. अनवाणी. लाल तेलाची, अजून ओली. पायऱ्या चढून, व्हरांड्यातून, थेट बाळंतिणीच्या खोलीत गेलेली.

परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.