ओल्या रंगाचं धुकं

बंदराच्या तोंडाशी असलेलं ते मासळीचं हॉटेल घरच्या घरीच चालायचं. दोघे मुलगे होडी घेऊन मासे आणायचे, आई रांधायची आणि बाबा दारात उभे राहून तिच्या रांधण्याची वाहवा स्वतः घ्यायचे. थोरला अबोल, धाकट्याचं तोंड मात्र झोपेतही बंद नसायचं. आई त्याला दिवसातून दहा वेळा गप्प बसवायची, आणि तो खरंच गप्प बसला की कपाळाला हात लावून ताप बघायची. तिचा जीव त्याच्यावर अंमळ जास्तच होता, पण हे तिने कधी कबूल केलं नसतं.

त्या दिवशी जेवणाची वेळ टळून गेली तरी होडी परतली नव्हती. सकाळपासून धुकं इतकं दाटलं होतं की खिडकीतून समोरचा धक्काही दिसेना. आईचा जीव टांगणीला लागला, आणि अशा वेळी ती घासत सुटायची. पातेली झाली, टेबलं झाली, खुर्च्यांचे पायसुद्धा झाले.

खिडकीजवळच्या टेबलावर चित्रकार बसला होता. वीस वर्षं तो तिथेच जेवायचा आणि तिथूनच समुद्र रंगवायचा. एव्हाना घरचाच झाला होता. समोर दिसेल तेवढंच काढायचं, हा त्याचा हट्ट. आज कोऱ्या कॅनव्हासवर त्याने नुसतं धुकं काढलं आणि चित्र भिंतीला टेकवून ठेवलं.

"वहिनी, रंग ओला आहे. हात नका लावू."

"एखादी होडी काढली असती तर काय बिघडलं असतं?"

"दिसली की काढतो," तो हळूच म्हणाला आणि हात धुवायला मागे गेला.

आईला राहवेना. तिने फडकं गार पाण्यातून पिळून काढलं आणि टेबल पुसावं तसं चित्रावरून फिरवलं.

धुक्याखाली पांढरा कॅनव्हास नव्हता. हिरवट पाणी होतं. तिने बाहेर पाहिलं. समुद्रावरही तेवढ्याच जागी धुकं विरलं होतं.

ती पुसत राहिली. एक काळा ठिपका उमटला. मग होडी. सुकाणूपाशी थोरला, आणि जाळ्यांपाशी उभा राहून हात हलवणारा धाकटा.

"आले गं बाई," ती पुटपुटली. आनंदाच्या भरात हात जरा जोरातच फिरला.

होडी धक्क्याला लागली. थोरला ओलाचिंब आत आला आणि आईला बिलगला. बाबांनी डोळे पुसत ताटं मांडली. चित्रकाराचं धरून चार.

"धाकटा कुठे राहिला?" आईने विचारलं.

थोरल्याने बाबांकडे पाहिलं. "कोण धाकटा?"

चित्रकार चित्रासमोर थांबला होता. होडीत एकच माणूस होता. जाळ्यांपाशी बोटाएवढा पुसट डाग.

"दमलीस तू," बाबा मायेने म्हणाले. "दे ते फडकं, धुऊन टाकतो."

आईने मूठ उघडली नाही. आतलं फडकं हळूहळू कोमट होत चाललं होतं.