तांदळातली फ्लॉपी

राही झोपली आहे. ती उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. पण हे माझ्याबाबतीत घडलं आहे, इथे रत्नागिरीत. तारीखही सांगते. सोमवार, २३ फेब्रुवारी १९८७.

आमचे हे एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर होते. आठशे बागायतदारांची यादी त्यात. कोणाची बाग कुठे, कलमं किती, फळ कधी उतरतं... सगळं. दर शनिवारी हे त्या यादीची फ्लॉपीवर कॉपी काढून घरी आणायचे. कारखान्याला काही झालंच, तर एक घरी असावी म्हणून.

आपल्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते. म्हणून ती पत्र्याच्या चपट्या डबीत घालून तांदळाच्या डब्यात खोल पुरायची.

कारखान्यातले स्टोअरकीपर हमीदभाई ह्यांना चिडवायचे, "काय रे, तुझ्याकडे भात शिजतो की फ्लॉपी?"

सप्टेंबरातल्या एका शनिवारी घरी येताना ट्रकने ह्यांच्या सायकलला उडवलं.

मला सातवा महिना होता.

डबी शर्टाच्या आत होती. तिला साधा पोचासुद्धा आला नव्हता. मी ती तांदळात पुरली. दुसरं काय करणार होते?

नोव्हेंबरात मुलगी झाली. बारशाला नणंदेने, मालनने, पाळण्याशी वाकल्यावर ऐनवेळी नाव ठरवलं. राही.

ह्यांना ते कधीच कळणार नव्हतं.

जानेवारीत मालक रावजीशेठनी मला ह्यांच्या जागी घेतलं. हमीदभाई जमेल तेवढं शिकवत होते. कॉपी काढण्यापर्यंत मी अजून पोचले नव्हते.

त्याच महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मालनने हाक मारली.

"वयनी, तांदूळ तू काढलेस काय गो?"

"नाही. का?"

मी रोज माप काढून झालं की वरून हात फिरवते. तांदूळ सपाट असतो.

त्या सपाट तांदळात... एक हात रुतला होता.

मोठा. डावा.

करंगळी नसलेला.

ह्यांची करंगळी लहानपणी कोयत्याखाली गेली होती.

मी त्या ठशावरून हात फिरवून टाकला.

पुढच्या शनिवारी पुन्हा... त्याच्या पुढच्याही.

मग फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, कॉम्प्युटर बंद पडला. सोमवारी कोल्हापूरहून माणूस आला. त्याने नवी डिस्क बसवली आणि जुनीतलं काही मिळणार नाही म्हणून सांगितलं.

"पंधरा दिवसांत आंबा सुरू होईल," रावजीशेठ ओरडले. "यादी नाही तर मी कोणाच्या दारात जाऊ? कारखान्याला टाळं लावू?"

"घरी एक आहे," मी म्हटलं. "पण सप्टेंबरातली."

"आण तर खरी!"

आणली. त्या माणसाने ती मशीनमध्ये सरकवली.

घर्र... घर्र... टक.

यादी आली. पूर्ण. अगदी शुक्रवारी मी स्वतः भरलेल्या नावांपर्यंत.

फाईलवर तारीख होती शनिवार, २१ फेब्रुवारी. संध्याकाळचे पाच चाळीस.

हमीदभाईंनी पडद्यावरच्या त्या तारखेवर बोट ठेवलं. "शनिवारी हा कॉम्प्युटर उघडून ठेवलेला होता गो. पाचला कारखान्याला मीच कुलूप लावलं."

यादी नव्या डिस्कवर उतरली. कोल्हापूरचा माणूस एसटी पकडायला गेला. रावजीशेठ पेढे आणायला स्वतः निघाले.

फ्लॉपीवर आणखी एक फाईल होती. छोटीशी.

तिचं नाव... राही.

माझा हात लगेच पुढे गेला. हमीदभाईंनी अडवलं. "थांब. एकुलती एक फ्लॉपी कधी उघडायची नाही. आधी कॉपी काढायची. हा नियम त्याचाच ना?"

ह्यांचाच होता. म्हणून मी थांबले.

हमीदभाईंनी सांगितलं, भरलेली फ्लॉपी वरच्या फटीत घालायची, कोरी खालच्या. भरलेलीच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

मी कोरी वर घातली.

चिकटपट्टी विसरले.

घर्र... घर्र... टक.

कोऱ्याची कॉपी भरलेलीवर झाली. दोन्ही रिकाम्या.

हमीदभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रावजीशेठ पेढ्यांचा पुडा नाचवत आत आले तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

दोन ओळी असतील. चार असतील. आपल्या लेकीला काय सांगायचं होतं ह्यांना... ते मी माझ्या हाताने पुसलं.

त्यानंतर दर शनिवारी मी झाकण काढून बघायची. तांदूळ सपाट. मी ठेवला तसाच.

पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली. कोरी फ्लॉपी मात्र अजून तांदळातच आहे.

राही आता अडीच वर्षांची आहे. कॉम्प्युटर तिने कधी पाहिला नाही. हे कोणी तिच्यापुढे बोललंही नाही.

परवाच्या शनिवारी, संध्याकाळी, ती तांदळाच्या डब्यापाशी बसून खेळत होती. मी पीठ मळत होते.

"घर्र... घर्र... टक."

मी वळून बघितलं. झाकण बाजूला होतं आणि ती हसत होती... माझ्याकडे बघून नाही.

"राही, कोणी शिकवलं गो?"

तिने तांदळातून हात काढून मला दाखवला. पाची बोटं आहेत माझ्या लेकीला, देवाच्या दयेने.

मग मी डब्यात वाकून बघितलं.

इवलासा हात रुतला होता. डावा.

करंगळी नव्हती.

मी तो पुसला नाही. त्या रात्री भातही लावला नाही.