नरहरी चुरींचा उजवा पाय

"माज्या पायाची चौकशी करायची हाय," असं म्हणत नरहरी चुरी सुगंधा दळवीच्या पालघरच्या ऑफिसात शिरले. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

वय शहात्तर. तारापूरच्या वीज केंद्रात तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेली. आज शिरगावहून रिक्षाने यावं लागलं होतं आणि खरा राग त्याचाच होता.

"सकाळी गाडी फाटकाच्या खांबाला लागली. घरचे म्हणतात, ब्रेक समजून मी ॲक्सिलरेटर दाबला. मुलाने किल्ली काढून घेतली. चार वाजता बोईसरचा कारखानदार येणार, माजं यंत्र बघायला. चूक माज्या पायाची असेल तर किल्ली मीच विहिरीत टाकीन. नसेल तर मला ती परत पायजे."

"कसलं यंत्र?" सुगंधा दळवीने विचारलं. गुप्तहेर म्हणून तिचं नाव तालुक्यात बरंच झालं होतं, आणि लोकांना ती ऐकून घेते याचंच जास्त अप्रूप होतं.

"आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी. पाय चुकून ॲक्सिलरेटरवर जोरात पडला, तर इंजिनाचा जोर तुटतो आणि बझर वाजतो. पेडलांच्या शेजारीच बसवलंय."

"आणि तरी धडकली?" ज्ञानेशने हसू दाबलं. हा सुगंधाचा साताऱ्याकडचा मदतनीस. माणूस भला, पण निष्कर्षाची घाई फार.

"मी ब्रेकच दाबला. पेडल अर्ध्यावर अडलं. खाली गेलंच नाय."

"लागलं का कुठे?"

"चष्मासुद्धा नाकावरून हलला नाय."

सुगंधा उठली. "चला शिरगावला."

चुरींच्या वाडीत घर उंचावर, तिथून फाटकापर्यंत उतार. पडवीत न सोललेल्या नारळांचा ढीग. गाडी अजून खांबाला नाक टेकून उभी होती.

नीलेशने, म्हणजे मुलाने, किल्ली कुरकुरतच दिली. सुगंधाने आत बसून ब्रेक दाबला. पेडल कुठेही न अडता नीट दबलं. मग इंजिन सुरू करून तिने ॲक्सिलरेटरवर जोरात पाय मारला. बझर असा किंचाळला की माडावरचे कावळे उडाले आणि इंजिन मंदावलं.

"दोन्ही ठीक," ज्ञानेश हळूच म्हणाला. "म्हणजे आजोबाच..."

ब्रेकच्या रबरात अडकलेला एक राठ तपकिरी धागा सुगंधाने काढून रुमालात ठेवला. यंत्राच्या डबीवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती.

"मॅडम," किल्ली परत घेत नीलेश म्हणाला, "बाबांच्या एका मित्राने गाडी दुकानात घातली. तेही म्हणत होते, ब्रेकच दाबला. सगळे तसंच म्हणतात. मला बाप हवाय, ड्रायव्हर नको."

त्याची आई दमयंती पदराने डोळे टिपत होती. "सकाळी मीच पूजा केली यंत्राची. हळदकुंकू वायलं, पुढं नारळ ठेवला. काम फत्ते होईपर्यंत तो गाडीतून काढायचा नाय, आमच्यात तसंच हाय. तरी असं झालं!"

फाटकाशी टोपली घेऊन बसलेल्या तानी मासेवालीने सगळं पाहिलं होतं.

"बझर वाजला?" सुगंधाने विचारलं.

"नाय गो. नुसतं धाडकन. नीलेशभाऊ धावत आले, बाबांना भायेर काढलं. मग बाबांचा चष्मा पडला म्हणत आत वाकून काय ते टॉवेलात गुंडाळलं नि घरात घेऊन गेले."

"ऐन वेळी यंत्र बंद पडलं," ज्ञानेश म्हणाला.

"पडवीत चल," सुगंधा म्हणाली. "सगळ्यांना बोलाव."

सगळे जमले. नरहरी उभेच होते.

"पाय ॲक्सिलरेटरवर असता तर बझर वाजला असता," सुगंधा म्हणाली. "यंत्र चांगलं आहे, आपण आत्ताच ऐकलं. सकाळी ते वाजलं नाही, कारण पाय तिथे नव्हताच. पाय ब्रेकवर होता."

"पण ब्रेकही चांगला आहे," ज्ञानेश म्हणाला.

"आत्ता आहे. सकाळी त्याच्याखाली काहीतरी अडकलं होतं." तिने रुमाल उघडला. "ही नारळाची शेंडी. दमयंतीताई, पूजेचा नारळ यंत्रापुढे, म्हणजे पेडलांपाशी ठेवला होतात. मग?"

"यांच्या पायात नको म्हणून सीटखाली सरकवला..." दमयंती म्हणाली.

"उतारावर तो घरंगळत पुढे आला. आता तो गाडीत नाही. बाबांचा चष्मा नाकावरून हललाच नव्हता, मग टॉवेलात काय होतं, नीलेश?"

नीलेशची नजर ढिगाकडे गेली. सुगंधाने हात घातला. न सोललेल्या नारळांतून एकच सोललेला, शेंडीचा नारळ निघाला. एका अंगाला कुंकू, दुसऱ्या अंगाला रबराचा काळा पट्टा.

"आईने जन्मभर मनाला लावून घेतलं असतं," नीलेश म्हणाला. "आणि खरं सांगतो, त्या निमित्ताने बाबांची गाडी सुटत होती. म्हटलं, सुटू दे."

दमयंतीने डोळे पुसले. आता ती रडत नव्हती.

"मला विचारलंस? चूक माजी हाय, ती मी अंगावर घेईन. यांच्या पायावर का ढकललीस? दे ती किल्ली."

तिने किल्ली घेतली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली.

"डोळे गेले तर मी सांगेन," नरहरी मुलाला म्हणाले. "पाय चुकला तर माजं यंत्र सांगेल. ते काम तू नाय करायचं."

मग ते तानीकडे वळले. "तुज्या घरी फाटकं जाळं असेल ना? सीटखाली पुढून बांधायचं. पुन्हा काय घरंगळायला नको."

"हे आधी सुचायला हवं होतं," ज्ञानेश म्हणाला.

"सुचलं नाय," नरहरींनी कबूल केलं. "म्हणून तर रोज चालवून बघायची."

चारला कारखानदार आला तेव्हा जाळं बांधून गाडी वर घरापाशी नेलेली होती. दमयंती नारळ मांडीवर घट्ट धरून पुढे बसली, कारखानदार मागे. गाडी उताराला लागली. नीलेशने फाटक उघडलं आणि कोणी न सांगता खांबापाशी हात आडवा धरून उभा राहिला.

नरहरींनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी काच खाली केली.

"हात काढ," ते म्हणाले.