तक्रारींचा इतिहास

पहिल्या भेटीतच त्यांची जुंपली होती. जिन्यात तो तिच्यावर आदळला, तिच्या हातातले चार जाडजूड प्रबंध पायऱ्यांवरून घरंगळत गेले आणि ते गोळा करता करता पठ्ठ्या म्हणतो कसा, "वर्षभरात ही ओझी बंदच करतो." विद्यापीठाने प्रबंध ऑनलाइन घ्यायचं ठरवलं होतं आणि त्याचं सॉफ्टवेअर लिहायला हा प्रोग्रामर आला होता. प्रबंध विभाग सांभाळणाऱ्या तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याला तीन वर्षं झाली. आज दोनच्या गाडीने तो परगावी नव्या नोकरीवर निघाला होता, आणि त्या सॉफ्टवेअरचा इतिहास लिहून बारापर्यंत कुलसचिवांना द्यायचं काम नेमकं तिच्या गळ्यात पडलं होतं. सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. निघताना वहिनीने टोकलंच होतं, "वन्सं, चपला दोन वेगळ्या घातल्यात."

तिने त्याच्या बदलांची नोंदवही संगणकावर उघडली.

'आवृत्ती ३ : फाइल अडली की लाल पाटी येत होती, ती निळी केली. कारण — लाल बघून बाई दचकतात.'

'आवृत्ती ७ : "परत पाठवा" बटण डावीकडे नेलं. कारण — बाईंच्या उजव्या हातात चहा असतो.'

'आवृत्ती १२ : यापुढे तक्रार फोनवर ऐकायची नाही, वर जाऊन ऐकायची. कारण —'

पुढे काहीच नव्हतं.

तिचे कान तापले. हे कुलसचिवांना कसं द्यायचं? ती उठली, बसली, खिडकी उघडली, लावली... पावणेबारा. तो असाच निघून गेला तर? ती जवळजवळ धावतच तळमजल्यावर गेली. तो टेबलापाशी उभा राहून वायर गुंडाळत होता.

"इतिहासात एक दुरुस्ती आहे," ती धापा टाकत म्हणाली.

"आता शेवटच्या दिवशी?"

"माझ्या तक्रारी... त्यातल्या काही खोट्या होत्या. तुम्ही वर यावं म्हणून केलेल्या."

"माहीत आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "सात."

"अकरा."

त्याचा हात थांबला. "म्हणजे चार बिघाड नसतानाच मी दुरुस्त केले? दोन रविवार घालवले हो त्यात."

तिला हसू आलं आणि रडूही. "बाराव्या आवृत्तीचं कारण रिकामं आहे."

"लिहायचा धीर झाला नाही."

"मग बोला."

तो वायरीच्या टोकाशी चाळा करू लागला. "तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवसापासून नाही हं... तेव्हा भीती वाटायची. पण आता काय उपयोग? दोन तासांत गाडी आहे. तुम्हीच सांगा — जाऊ की नको?"

"जा की," ती म्हणाली. तिने त्याच्या हातातली वायर काढून घेतली. "फक्त तिथे घर बघाल ते दोघांचं बघा."