आपोआप फिरणारा बाण

"मॅडम, आजच या. माह्या भावाची गाडी हिंगोलीहून निघाली हाय. तो पोचला का हे लोक मले त्याच्यासंग धाडून देतील. मंग माहं कोणी आयकणार नाई."

एवढं बोलून चंदनानं फोन ठेवला.

वाशीमच्या सायबर शाखेतल्या फौजदार निता राठोडच्या टेबलावर चंदनाच्या सासरच्याच घराची तक्रार होती. तक्रार सासऱ्याची आणि फोन सुनेचा, हे काही तिला रुचलं नाही. हवालदार रामरावांना जीपमध्ये घालून ती उन्हातच कारंज्याला निघाली.

तक्रार अशी होती. धान्याचे व्यापारी खेमचंद शेठ यांची मुलगी निकिता. दारव्ह्याच्या मुलाशी तिची सोयरीक जमली. साखरपुड्याच्या तोंडावर, चौदसच्या दिवशी दिवस बुडताना, मुलाच्या घरी एक मेल गेला. तोही खेमचंद शेठच्या घरच्याच पत्त्यावरून. आत निकिताचा नागपूरच्या डॉक्टरांचा रिपोर्ट होता. लहानपणापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत. ही गोष्ट घरच्यांनी दडवून ठेवली होती. सोयरीक मोडली.

शेठजींनी गुन्हेगारही सांगून टाकला होता. घरच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकर घुसला. आणि घुसला तो सुनेनं हट्टानं ठेवलेल्या प्लग-इनमधून.

दार शेठजींच्या मुलानं, चंदनाच्या नवऱ्यानं, अर्हमनं उघडलं. या म्हटलं नाही, नुसता बाजूला झाला. दाराशी कपड्यांची बॅग भरून ठेवलेली होती. दाराच्या आतल्या बोळीत एक नवाकोरा पत्र्याचा बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा होता, जसं काही त्यालाच शिक्षा दिली होती.

"राठोड म्हंजे तांड्यातल्या का?" खेमचंद शेठनं बसल्या जागेवरून विचारलं.

"मेडशीजवळच्या तांड्यातली. कॉम्प्युटर कुठं हाय?"

शेठजींच्या कपाळाला आठी पडली. त्यांना चौकशी नकोच होती. त्यांना पोलिसांचा एक शब्द हवा होता, म्हणजे सून माहेरी धाडायला कारण मिळालं असतं आणि चार लोकांत घराचं नाक वर राहिलं असतं. पाण्याचा तांब्यासुद्धा कोणी पुढं केला नाही.

कॉम्प्युटर बैठकीच्या कोपऱ्यात होता. खालच्या फळीवर पांढऱ्या आसनाची घडी आणि एक वाळूचं घड्याळ.

"ही प्लग-इनची काय भानगड हाय?" नितानं अर्हमला विचारलं. तिला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"जुनं सॉफ्टवेअर हाय. ब्राउजरले चिटकून रायते. कंपनीनं कवाचंच बंद केलं, त्याचे भोकं आता कोणी बुजवत नाई. सारी दुनिया सांगून राह्यली, काढून टाका. मीबी घसा फोडून सांगतलं. पण हिले पाठशाळेतल्या पोरायले हलत्या चित्रायचे धडे दाखवाचे रायतात. ते धडे दुसऱ्या कशात उघडत नाईत."

"चौदसच्या दिवशी काय पाह्यलं तुमी?"

"दुकानातून घरी आलो. दिवस बुडून राह्यला होता. बाबूजी, निकिता, चंदना जैन स्थानकात संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेले गेले होते. म्या माहं आसन घ्याले बैठकीत पाय ठेवला, तं पडद्यावरचा बाण आपोआप फिरून राह्यला. माउसले कोणाचा हात नाई."

"मंग बंद काहून नाई केला?"

"मले वाटलं माउस बिघडला. उशीर होत होता, निंगून गेलो."

"बैठकीत कोण होतं?"

"कोणीच नाई."

"घरचा मेल अजून कुठं उघडते?"

"याच्यावर. अन् दुकानाच्या कामासाठी माह्या फोनवर."

नितानं मान हलवली. मग ती चंदनाच्या सासूकडे वळली. अंगुरीबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, हातात माळ.

"तुमी कुठं होत्या, मावशी?"

"वरतं. माह्या खोलीत." माळ थांबली आणि पुन्हा चालू झाली.

चंदना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिला बैठकीत बोलवावं असं कोणाला वाटलं नव्हतं. नितानं बोलावलं.

"काढून टाकाचं का ठेवाचं, याचा म्याबी लय इचार केला मॅडम," चंदना म्हणाली. "धोका मले समजते. म्हून ठरवलं, ठेवाचं, पण नेटची वायर काढल्याबिगर त्याले हात लावाचा नाई. आयतवारी पोरं आले का पयले वायर काढतो. मंग तो जुना ब्राउजर उघडतो. पोरं गेले का बंद करून वायर लावतो. रोजच्या कामाचा ब्राउजर येगळा हाय, त्याले हे प्लग-इन वळखूबी येत नाई."

नितानं वाकून कॉम्प्युटरच्या मागं पाहिलं. तारांच्या गुंत्यात एकाच तारेला लाल दोऱ्याची गाठ होती.

"वळखू यावं म्हून बांधला," चंदना म्हणाली.

"आता काहीबी सांगन ही," अर्हम फिसकारला. "हिच्यापायी माह्या बहिणीचं लग्न मोडलं."

"तुमाले इचारलं का?" निता म्हणाली. त्याची नजर काही धड नव्हती.

निताला एक गोष्ट खटकत होती. हॅकर घुसतो तो फायली कुलूपबंद करतो, बँकेचं खातं धुतो, धमकी देतो. या पठ्ठ्यानं काहीच मागितलं नाही. दारव्ह्याची सोयरीक मोडून त्याला काय मिळालं? आणि नेमका साखरपुडा जवळ आला हे त्याला सांगितलं कोणी?

ती पुढं काही विचारणार, तेवढ्यात अंगुरीबाई उठल्या. लंगडत भिंतीपर्यंत गेल्या आणि लाइटच्या बोर्डाचं मोठं बटण खाली दाबलं. पंखा थांबला, कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

"लाइन गेली का?" रामरावांनी वर पाहिलं.

"नाई," चंदना हळूच म्हणाली. "आई सामायिकाले बसून राह्यल्या. एक वेळ वाळूचं घड्याळ खाली होयेपर्यंत उठाचं नाई, बोलाचं नाई. अन् लाइटचा उजेडबी आंगावर पडू द्याचा नाई, त्याच्यात जीवायची हिंसा होते. त्या बसल्या का बैठकीचा बोर्ड बंदच रायते."

अंगुरीबाईंनी आसन अंथरलं, घड्याळ उलटं केलं, तोंडाला मुहपत्ती बांधली आणि डोळे मिटले. प्रश्न चुकवायचा याहून पवित्र मार्ग कोणाला सापडला नसता. बाकी सगळे बोळीत आले.

निकिता जिन्याच्या पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा.

"आई रोज इथंच बसते का?" नितानं विचारलं.

"नाई. वरतं बसे, तिच्या खोलीत. चौदसच्या सकायी जिन्यात पाय मुरगळला. तवापासून तिच्यानं चढवत नाई. बसनं, झोपनं सारं बैठकीतच."

"घरात सगळ्यायले माहीत हाय?"

"आता हाय. त्या दिवशी दादाले नसन. तो पहाटंच मंडीत मालाच्या हर्राशीले गेला होता, मंग दुकानातच होता. शेंगा-सोयाबीनचे दिवस हायत, धनजकडले लोक माल घेऊन येतात."

नितानं भिंतीकडे तोंड केलेला पत्र्याचा बोर्ड दोन्ही हातांनी फिरवला. लाल अक्षरं अजून चकाकत होती. खेमचंद, खाली अर्हम, आणि शेजारी तेवढ्याच ठसठशीत अक्षरात निकिता.

"हे काय हाय, शेठजी?"

"माह्या दुकानाचा बोर्ड. जवाई इथंच कारंज्याले येऊन राहणार होता. पोरगी हिशोबाले हुशार हाय, म्हून अर्धं दुकान तिच्या नावानं करणार होतो. आता कायचा बोर्ड अन् कायचं काय."

"आता नाई करत?"

"लग्नच नाई, तं कोणासाठी करू?"

अर्हम अंगणाकडे पाहत होता.

वाळू संपली. अंगुरीबाई उठल्या, बोर्ड चालू झाला. नितानं कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर पहिल्यांदा तक्रार उमटली, की मागच्या वेळी यंत्र नीट बंद केलं गेलं नाही. तिला हेच पाहायचं होतं. यंत्र आपलं बंद-चालू होणं आत टिपून ठेवतं. तिनं ती टिपणं उघडली, चौदसपर्यंत मागं गेली, रामरावांना फोटो काढायला लावलं आणि खुर्ची फिरवली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चंदनाचा भाऊ आला होता.

"बसू द्या त्यायले बी," निता म्हणाली. "मंगच सांगतो."

भाऊ दाराशीच उभा राहिला. बसायला कोणी सांगितलंही नाही.

"शेठजी, हॅकर आला नाई. प्लग-इनमधूनबी नाई अन् खिडकीतूनबी नाई. चौदसच्या दिवशी मेल गेला तवा हे यंत्र बंद होतं. दिवस बुडाच्या पयले एकाएकी करंट तुटला, अंधार पडल्यावर परत आला. मधात मेल गेला. बंद यंत्रात कोणी घुसत नाई."

"लाइन गेली असन," अर्हम म्हणाला.

"गेली असन तं तुमाले फिरता बाण कुठून दिसला?"

त्यानं बापाकडे पाहिलं.

"लाइन नव्हती गेली. बोर्ड बंद केला होता, आता आपल्यासमोर केला तसाच. तुमची आई वरतं सामायिक करते हे तुमाले पक्कं माहीत, म्हून तुमी बेधडक सांगतलं का बैठकीत कोणी नव्हतं. पण त्याच सकायी त्यायचा पाय मुरगळला होता. त्या इथंच बसल्या होत्या, ह्याच कोपऱ्यात. तुमी घरी आलेच नाई, अर्हमभाऊ. दुकानातूनच स्थानकात गेले. घरचा मेल दोनच जागी उघडते. एक जागा बंद होती. उरला तुमचा फोन."

"मी माह्या बहिणीचं लग्न कायले मोडू?" त्यानं आवाज चढवला.

"बोळीतला बोर्ड वाचा. निकिता इथं राह्यली असती तं अर्धं दुकान गेलं असतं. अन् आळ घ्याले बायकोचं प्लग-इन तयारच होतं. तुमीच घरभर त्याची भीती घालून ठेवली होती. भीती खरी हाय, तुमचा बाण खोटा."

"हे सारं अंदाज हायत," खेमचंद शेठ म्हणाले. आवाजातला तोरा मात्र उतरला होता.

"फोन जमा करून राह्यली. मेल कंपनीकडून उत्तर येईन तवा अंदाज राहणार नाई. पण त्याच्या पयले मावशीले एक इचारतो." निता अंगुरीबाईंसमोर खाली बसली. "मुरगळल्या पायानं जिना चढवत नव्हता, मंग वरतं खोलीत कशा होत्या तुमी?"

अंगुरीबाईंनी मुहपत्ती सोडली.

"बोर्ड म्याच बंद केला होता," त्या म्हणाल्या. "मी इथं बसली होती. हा आला नाई."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"पोरगं हाय माहं."

"अन् मी, आई?" उंबऱ्यातून चंदनानं विचारलं.

अंगुरीबाईंनी मुहपत्तीची घडी घालायला घेतली.

अर्हमचा बांध फुटला तो रागानं. "तुहं काय? दोन महिन्यानं घेऊन आलोच असतो तुले! दुकान गेलं का परत येते का?"

खेमचंद शेठ उठले, नितासमोर आले. आयुष्यात पहिल्यांदा ते तांड्यातल्या माणसापुढं हात जोडत असावेत. "मॅडम, तक्रार मागं घेतो. घरची गोष्ट घरात राहू द्या."

"रिपोर्ट निकिताचा हाय. तिले इचारा."

"मी तं पयलेच म्हणत होती का दारव्ह्याले खरं सांगून देऊ," निकिता बापाकडे बघत म्हणाली. "तुमी तोंड दाबलं, यानं विकलं. मॅडम, तक्रार मी देतो."

रामरावांनी अर्हमचा फोन पाकिटात बंद केला. चंदनाच्या भावानं बहिणीकडे पाहिलं. तो तिला न्यायला आला होता, पण आता न्यायचं की नाही हे त्याला उमगेना.

"सूनबाई," खेमचंद शेठ घाईनं म्हणाले, "आता कायले जाता? झालं ते झालं. ते प्लग-इन बी ठेवा खुशाल, कोणी काही म्हणणार नाई."

चंदना कॉम्प्युटरपाशी आली. उभ्या-उभ्याच तिनं दोन-चार ठिकाणी क्लिक केलं. काढून टाकायचं का, असं पडद्यानं विचारलं. तिनं हो म्हटलं.

"ठेवलं असतं," ती म्हणाली. "पण उद्यापासून वायर कोण काढन? कोणाच्या भरवशावर ठेवू? पोरायले धडे मी तोंडानं शिकवीन, जिथं राहीन तिथं."

"चंदना," अंगुरीबाईंनी हाक मारली.

चंदनानं मागं वाकून तारेवरचा लाल दोरा सोडला आणि पर्समध्ये टाकला. बॅग तिनं भावाला उचलू दिली नाही. स्वतःच उचलली आणि गाडीत जाऊन बसली.